भीतीपासून पळायचं नाही, पायरीपायरीनं तिच्याजवळ जायचं: एक्स्पोजर थेरपीची ओळख

डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी जाणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. उदाहरण बेतलेलं आहे, पण कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ते ओळखीचं वाटेल. एका संध्याकाळी गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली होती. डबा खच्चून भरलेला. अचानक त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना आणि डोक्यात एकच विचार, आता मी इथेच कोसळणार. पुढचं स्टेशन आल्याबरोबर त्या उतरल्या, बाकावर बसल्या आणि थोड्या वेळात सगळं शांत झालं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं. सगळं नॉर्मल. त्यांना आला होता तो पॅनिक अटॅक.

पुढच्या आठवड्यात गाडीत चढताना तीच धडधड आठवली आणि त्यांनी ती गाडी सोडली. सोडल्याबरोबर बरं वाटलं. मग फक्त स्लो गाडीनं जायचं, कारण तिच्यातून लवकर उतरता येतं. मग दाराजवळच उभं राहायचं. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि एक गोळी, हातात फोन, स्क्रीनवर नवऱ्याचा नंबर तयार. मग नवरा सोबत असेल तरच प्रवास. काही महिन्यांनी त्या ऑफिसात विचारू लागल्या, घरून काम करता येईल का?

यातलं प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचंच वाटत होतं, कारण प्रत्येक वेळी खरोखरच हायसं वाटलं. गोम तिथेच आहे. गाडी सोडली की सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू त्यातून धडा घेतो, 'उतरले म्हणून वाचले.' न उतरता काय झालं असतं, हे तपासायची वेळच येत नाही. पुढच्या वेळी भीती थोडी आधी येते, थोडी जास्त येते आणि टाळण्याची यादी वाढत जाते. आधी फास्ट गाडी, मग स्लो गाडी, मग लिफ्ट, मग लग्नाचा हॉल, मग देवळातली रांग. होबार्ट मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकातच हे नीट मांडलं होतं. भीती एखाद्या प्रसंगातून लागते, पण ती टिकते टाळण्यातून. त्यामुळे भीती सुरू कशी झाली हे शोधण्यात वर्षं घालवण्यापेक्षा आज ती कशावर टिकून आहे, हे पाहणं बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं.

एक्स्पोजर थेरपी नेमकी याच ठिकाणी काम करते. ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ जायचं. ठरवून, आपल्या संमतीनं, जमेल तेवढ्या अंतरानं, जाणत्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली. आणि तिथे इतका वेळ थांबायचं की आपण धरून चाललो होतो ते खरंच घडतं का, हे मेंदूला स्वतः पाहता येईल. भयगंड, पॅनिक, चारचौघांत वावरण्याची भीती, मंत्रचळ (ओसीडी), मोठ्या आघातानंतरचा त्रास या सगळ्यांवर ज्या मानसोपचारांची उपयुक्तता सर्वांत जास्त तपासली गेली आहे, त्यांत हा एक आहे. तरी आपल्याकडे त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं, याची मला खंत वाटते.

खंत वाटायचं आणखी एक कारण आहे. हे ऐकलं की पुष्कळ लोक म्हणतात, 'अहो, हे तर आमचे आजोबा करायचेच! पोहायला येत नाही? दिला विहिरीत ढकलून!' गावोगावी अशी मुलं आहेत. काही पोहायला शिकली. काही आज पन्नाशीला आली तरी गुडघाभर पाण्यात उतरत नाहीत. पण त्याच गावांत दुसरीही रीत होती आणि आहे. पाठीला डबा बांधायचा, काका खाली पाण्यात उभे, आधी पायरीवर बसून पाय सोडायचे, मग काठ धरून हातपाय मारायचे, मग डब्याच्या आधारानं विहिरीचा एक फेरा, आणि एक दिवस डबा सोडायचा. पाणी दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की दुसऱ्या रीतीत पुढचं पाऊल कधी टाकायचं हे पोराला विचारलं जातं, आणि डबा एक दिवस सुटणार हे पहिल्यापासून ठरलेलं असतं. एक्स्पोजर थेरपी ही दुसरी रीत आहे. कुत्र्याला घाबरणाऱ्या पोराच्या अंगावर हसत हसत पिल्लू टाकणाऱ्या मामानं केलेला उद्योग हा उपचार नव्हे.

ससा आणि पीटर

या उपचाराच्या इतिहासात एका लहान मुलाला मानाचं स्थान आहे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं त्याची हकिकत प्रसिद्ध केली आणि त्याला पीटर म्हटलं. तो जेमतेम तीन वर्षांचा. त्याला सशाची भीती, पांढऱ्या उंदराची भीती, फरच्या कोटाची भीती, इतकंच काय, कापसाचीही भीती. त्याआधी चारच वर्षांपूर्वी जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका तान्ह्या मुलाला प्रयोगासाठी मुद्दाम पांढऱ्या उंदराची भीती लावली होती आणि ती काढून न टाकताच ते बाळ निघून गेलं होतं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. जोन्स यांनी उलटा प्रश्न विचारला. लागलेली भीती काढता येईल का?

सुरुवातीला ससा खोलीत कुठेही पिंजऱ्यात दिसला तरी पीटर घाबरायचा. मग पिंजरा बारा फुटांवर असला तरी त्याला चालू लागलं. मग चार फुटांवर, मग तीन फुटांवर, मग अगदी शेजारी. सशाला न घाबरणारी दुसरी मुलं खोलीत खेळत असत आणि पीटर त्यांच्याकडे पाहत असे. प्रगती चांगली चालली होती. तेवढ्यात पीटरला स्कार्लेट ताप आला आणि दोन महिने तो प्रयोगापासून दूर राहिला. इस्पितळातून परतताना टॅक्सीत बसत असताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. सोबतची नर्सही घाबरली. झालं, भीती होती तिथे परत. जोन्स यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असायचा आणि पिंजरा दूरवरून, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्याच अंतरावर आणला जायचा. शेवटी तो सशाला जवळ घेऊ लागला, त्याला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. कापसाची आणि फरच्या कोटाची भीतीही, त्यांच्यावर वेगळं काही न करता, गेली.

या एका हकिकतीत जवळजवळ सगळं आलं आहे. लहान पायऱ्या, सोबत, मुलाच्या कलानं जाणं आणि मध्येच घसरण होऊनही पुन्हा वर येणं. तरीही कितीतरी वर्षं या कामाकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे यांनी नंतर हा धागा उचलला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असताना भेदरलेल्या सैनिकांना औषधं देऊन बोलतं करण्याच्या तेव्हाच्या पद्धतीनं त्यांचं समाधान झालं नव्हतं. १९५८ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपात मांडली. रुग्णाला स्नायू सैल सोडायला शिकवायचं, भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करायची आणि शांत अवस्थेत एकेक प्रसंग मनात आणायचा. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची, आज सगळीकडे वापरली जाणारी मोजपट्टीही त्यांचीच. पुढे संशोधनातून दिसलं की स्नायू सैल सोडणं अत्यावश्यक नाही. परिणाम साधतो तो प्रसंगाला सामोरं जाण्यानं, आणि शक्य असेल तिथे कल्पनेपेक्षा प्रत्यक्षात जाणं जास्त प्रभावी ठरतं.

यादी कशी करतात

आपल्या डोंबिवलीच्या बाईंकडे परत जाऊ. पहिल्या एक-दोन भेटींत थेरपिस्ट त्यांना गाडीत पाठवत नाही. आधी समजावून घेणं चालतं. नेमकी भीती कशाची? गाडीची? गर्दीची? की त्या धडधडीची? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'चक्कर येऊन पडेन, कोणाला कळणार नाही, लोक पाहतील.' हे वाक्य नेमकं मिळणं फार महत्त्वाचं, कारण पुढे तपासायचं तेच आहे.

मग यादी. त्यांच्या वहीत ती साधारण अशी दिसेल. दुपारी बारा वाजता प्लॅटफॉर्म तिकीट काढून पंधरा मिनिटं बाकावर बसणं, भीती तीस गुण. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीनं डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन, बहीण सोबत, चाळीस. तेच एकटीनं, पन्नास. डोंबिवली ते ठाणे स्लो, दारापासून लांब, आत सीटवर बसून, साठ. तेच फास्ट गाडीनं, सत्तर. थेट दादरपर्यंत फास्ट, ठाण्यानंतर घाटकोपरपर्यंत न थांबणारी, ऐंशी. संध्याकाळी गर्दीच्या वेळी परतीचा प्रवास, पंचाण्णव.

प्रत्येक वेळी निघण्याआधी वहीत लिहायचं, आज काय होईल असं वाटतंय आणि त्याची किती खात्री आहे. परतल्यावर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. अशी एखादी नोंद असेल, 'मुंब्रा यायच्या आत चक्कर येऊन पडेन, खात्री ऐंशी टक्के.' आणि खाली, 'दिव्यापर्यंत खूप धडधडलं. हात थरथरत होते. पडले नाही. समोरच्या बाई मेथी निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.' ही शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. लोक आपल्याकडे पाहतील ही भीती शंभर वेळा समजूत घालून जात नाही, ती मेथी निवडणाऱ्या बाईंमुळे कमी होते.

पूर्वी असा नियम सांगत की भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आता त्यावर इतका जोर देत नाहीत. अमेरिकेतल्या मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेल्या विवेचनानंतर भर बदलला आहे. भीती किती उतरली यापेक्षा अपेक्षा आणि अनुभव यांत किती तफावत पडली, हे जास्त महत्त्वाचं मानतात. प्रवासभर धडधड टिकली तरी चालेल. 'पडेन' म्हणत होते आणि पडले नाही, हा धडा मिळाला की काम झालं. म्हणूनच 'भीती वाटली म्हणजे मी नापास' असं समजू नये. भीती न वाटता झालेल्या सरावातून शिकायला फारसं काही मिळत नाही.

बारीकसारीक आधार

आता ती पाण्याची बाटली, ती गोळी, दाराजवळची जागा आणि स्क्रीनवरचा नंबर. यांना निरुपद्रवी समजून बरेच जण सोडून देतात, आणि बऱ्याचदा उपचार इथेच अडतो. बाईंनी ठाण्यापर्यंत प्रवास केला, काही झालं नाही, पण हात पूर्णवेळ पर्समधल्या गोळीवर होता. मग मेंदू म्हणतो, 'गोळी होती म्हणून निभावलं.' परीक्षा दिली, पण श्रेय गेलं गोळीला. म्हणून हे आधारही यादीतच घालायचे आणि एकेक करून सोडायचे. आधी बाटली घरी, मग फोन पर्समध्ये, मग दारापासून लांब. सुरुवातीला एखादा आधार ठेवायला हरकत नसते, पण तो कधी सुटणार हे ठरलेलं हवं.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या चटकन शांत करणाऱ्या गोळ्या सरावाच्या आधी घेतल्या तर शिकण्यात अडथळा येऊ शकतो. पण नियमित चालू असलेली अशी गोळी मनानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे. ती कमी करायची तर डॉक्टरांनीच, हळूहळू. आणि रोज घ्यायची नैराश्यावरची किंवा चिंतेवरची औषधं चालू असतानाही हा उपचार उत्तम चालतो. औषध की थेरपी असं भांडण लावायचं कारण नाही.

पॅनिकमध्ये आणखी एक भाग असतो, तो ऐकायला विचित्र वाटतो. ज्या धडधडीची, गरगरण्याची, धाप लागण्याची भीती आहे, तीच थेरपिस्टच्या खोलीत मुद्दाम आणायची. एक मिनिट जागच्या जागी धावायचं. फिरत्या खुर्चीत गोल फिरायचं. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. छाती धडधडते, डोकं गरगरतं, आणि थोड्या वेळात आपोआप ओसरतं. आपल्याच शरीराच्या या संवेदना धोक्याची घंटा नाहीत, हे अशा वेळी पहिल्यांदा खरं पटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅनिकच्या उपचारात हा भाग पक्का बसवला. हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गरोदरपण असेल, तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

इथे एक अपवादही सांगतो, कारण तो माहीत नसला तर घोटाळा होतो. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, म्हणून माणूस 'पडेन, पडेन' म्हणतो पण बेशुद्ध क्वचितच पडतो. रक्त आणि इंजेक्शनच्या भीतीत मात्र रक्तदाब आधी जरा चढून मग एकदम खाली येतो आणि माणूस खरोखर घेरी येऊन पडतो. अशा माणसाला 'सैल सोड, शांत हो' असं सांगणं चुकीचं. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांनी त्यासाठी उलटी युक्ती रूढ केली. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब येईपर्यंत, आवळायचे, मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखे होऊ द्यायचे, असं पाच वेळा. त्यानं रक्तदाब वर राहतो. ही युक्ती शिकल्यावर मग सिरिंज पाहणं, हातात धरणं, लॅबमध्ये बसणं अशा पायऱ्या घेतात. याच ऑस्ट यांनी १९८९ साली दाखवलं की कोळी, साप, इंजेक्शन अशा एकाच गोष्टीच्या भीतीवर नीट तयारीनं घेतलेली तीन तासांपर्यंतची एकच बैठकही बरंच काम करून जाते. त्या एका बैठकीतही पायऱ्या असतात, घाई नसते.

गॅस बंद केलाय ना?

मंत्रचळात म्हणजे ओसीडीत हाच उपचार थोडा वेगळा होतो. तिथे भीतीपाठोपाठ एक कृती येते. हात धुणं, कुलूप ओढून पाहणं, गॅसचा नॉब पुन्हा पुन्हा तपासणं, देवासमोर मंत्र 'चुकला' म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणं. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघांनाही भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरं जायला लावलं आणि नंतरची ती कृती करण्यापासून रोखलं. धुण्याचा मंत्रचळ असलेल्या रुग्ण बाईंच्या खोलीतले नळसुद्धा बंद ठेवले होते. तोवर या आजारावर फारसं काही चालत नाही असाच समज होता. दोघांमध्येही ठळक सुधारणा झाली. आज नळ बंद करत नाहीत. कृती थांबवायची की नाही, हे रुग्ण स्वतः ठरवतो आणि थेरपिस्ट त्याला त्यात साथ देतो. गॅस एकदा बंद करायचा, एकदा पाहायचा आणि दार ओढून जिना उतरायचा. मनात उठणारी तगमग घेऊनच बसस्टॉपवर उभं राहायचं.

आता घरच्यांविषयी. आईला मंत्रचळ असेल तर मुलगी दहा वेळा सांगते, 'आई, गॅस बंद आहे गं, मी बघितलाय.' सून वेगळे टॉवेल ठेवते, बाहेरून आलेला नातू दारातच कपडे बदलतो, आणि घरात सोवळंओवळं पाळायची जुनी सवय असेल तर आजार कुठे सुरू झाला हे कळतच नाही. हे सगळं प्रेमापोटी होतं, पण प्रत्येक दिलाशानं तो मंत्रचळ आणखी घट्ट होतो. आधी समजुतीनं, आईशी बोलून, थेरपिस्टच्या सल्ल्यानं दिलासे कमी करायचे असतात. एकदम तोडून टाकलं तर भांडणच होतं. 'आई, तुला त्रास होतोय हे कळतंय मला. पण आपण ठरवलंय ना, याचं उत्तर मी द्यायचं नाही' एवढं वाक्य शांतपणे म्हणता येणं ही घरच्यांसाठीही मोठी पायरी असते. मला विचाराल तर आपल्याकडच्या उपचारांत कुटुंबाला याच कामासाठी पहिल्या भेटीपासून बोलवायला हवं.

चारचौघांची लाज

लोक काय म्हणतील, या भीतीचा उपचारही असाच चालतो, आणि त्याची एक हकिकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात ते शंभर जणींशी बोलले. त्यांतून भेटीची वेळ ठरली ती एकीशीच, आणि तीही आली नाही. नकार इतके मिळाले, पण कोणी किंचाळलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत. बोलण्याची भीती गेली. अर्थात आजच्या काळात अनोळखी बाईंच्या शेजारी जाऊन बसणं कोणाला सुचवू नये, समोरच्या माणसाच्या सोयीचाही विचार हवाच. दुकानात जाऊन सुटे मागणं, मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारणं, रिक्षावाल्याला मोठ्यानं पत्ता सांगणं, लग्नात एकट्यानं पंगतीला बसणं, या पायऱ्या पुरतात. एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ही विचारपद्धती आपल्याकडे रुजवली, त्यामुळे मराठी वाचकाला तिची बरीच ओळख आहे. पण एलिस यांचा भर विचार तपासण्याइतकाच प्रत्यक्ष कृतीवर होता, हे मात्र आपल्याकडे पुष्कळदा मागे पडतं.

भीती परत आली तर

पीटरच्या बाबतीत झालं ते कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना कुत्र्यांमध्ये दिसलं होतं की घंटा वाजूनही अन्न न मिळाल्यास लाळ सुटणं थांबतं, पण काही काळानं घंटा ऐकवली तर ती पुन्हा सुटते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी नवं शिकणं येऊन बसतं आणि प्रसंगानुसार कधी हे वर येतं, कधी ते. मार्क बाउटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनानं दाखवलं की शिकलेल्या जागेपेक्षा वेगळ्या जागी गेलं की जुनी भीती डोकं वर काढू शकते. म्हणून सराव एकाच जागी, एकाच वेळी करत नाहीत. आज दुपारी, परवा सकाळी. आज बहिणीसोबत, परवा एकटीनं. गाडी नंतर बस, बसनंतर मॉलची लिफ्ट. आणि दोन महिन्यांच्या आजारपणानंतर किंवा पावसाळ्यात गाडी तासभर रखडल्यानंतर भीती परत आली, तर वही काढून दोन पायऱ्या खालून सुरुवात करायची. दुसऱ्यांदा चढायला सहसा कमी वेळ लागतो.

कधी करू नये हेही सांगायला हवं. जिथे धोका खरा आहे तिथे भीती बरोबर असते. नवरा मारतो म्हणून घरी जायची भीती वाटत असेल तर त्या बाईला संरक्षण हवं, थेरपीचा सराव नव्हे. गाडीत छेडछाड झाली असेल तर ती भीती निराळ्या पद्धतीनं हाताळावी लागते, आणि दारात लटकून प्रवास करणं हे कोणत्याच यादीत बसत नाही. कुत्र्याच्या भीतीचा सरावही लस टोचलेल्या, मालकाच्या ताब्यातल्या, ओळखीच्या कुत्र्याबरोबर करायचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ जाणं हा त्याचा भाग नाही.

अपघात, अत्याचार, पूर, भूकंप यांसारख्या आघातानंतरचा त्रास तर एकट्यानं हाताळूच नये. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत साधारण आठ ते पंधरा बैठका होतात, बहुतेक दीड-दीड तासाच्या. त्यांत आठवण सविस्तर, वर्तमानकाळात, प्रशिक्षित माणसासमोर पुन्हा पुन्हा सांगायची असते. घरच्यांनी 'सांग, सांग, मन मोकळं कर' म्हणून मागे लागणं हे त्याला पर्याय नाही. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी तातडीची मदत.

साध्या भीतीसाठी, म्हणजे लिफ्ट, झुरळं, उंची अशांसाठी, यादी स्वतः करून बहिणीच्या किंवा मित्राच्या सोबतीनं सुरुवात करता येते. लंडनच्या आयझॅक मार्क्स यांच्या कामातून दिसलं आहे की नीट समजावून दिलं तर बरेच लोक सरावाचा मोठा भाग स्वतः करू शकतात. सोबत येणाऱ्यानं 'हिंमत धर', 'त्यात काय एवढं' हे शब्द घरी ठेवून यावेत. 'किती गुण झाले आता?' एवढंच विचारावं आणि थांबावं.

मदत घ्यायची असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधावेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येतं. पहिल्या भेटीत तीन प्रश्न जरूर विचारावेत. 'माझ्या त्रासासाठी तुम्ही एक्स्पोजर वापरता का?' 'प्रत्येक पायरी आपण दोघं मिळून ठरवू का?' 'दोन भेटींच्या मध्ये घरी काय सराव करायचा?' तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या कोणाला भेटायला अजिबात संकोच करू नये.